टूलरूमचा नियम

संत तुकाराम नगरात राहायला आलो तेव्हापासूनच्या आठवणी मी चार वर्षं कॉम्प्युटरवर लिहिते आहे. रविवारी सकाळी माझी नात मिनल म्हणाली, त्या सगळ्या जातील. कॉम्प्युटरला व्हायरस लागला होता.

"कॉपी काढून ठेवली नाहीस?"

"कशाला? घरातच तर आहे."

तिने कपाळाला हात लावला.

अँटिव्हायरसला बिघडलेली फाइल सापडली होती, पण निघत नव्हती.

"चोर सापडलाय, मग धरत का नाही?"

"सिस्टिमची फाइल आहे, आजी. कॉम्प्युटर तिच्यावरच चाललाय. तो बंद होऊन पुन्हा सुरू होताना ती उचलून कोंडायची आणि जागेवर चांगली बसवायची."

"मशीन थांबवून पार्ट बदलायचा, एवढंच ना?"

"तेच! पण त्याला अ‍ॅडमिनची परवानगी लागते. तू लिहितेस ते आजोबांचं खातं, त्याला ती नाही. अ‍ॅडमिन आहे... प्रभावती. म्हणजे तू!"

मला हसूच आलं. हे गेले त्याच्या आदल्या वर्षी म्हणाले होते, तुझ्याही नावाचं खातं काढलंय. मला वाटलं, आपलं नावापुरतं. मी ते कधी उघडलंच नाही.

मग आठवलं. हे पिंपरीच्या कारखान्यात टूलरूम सांभाळायचे. खिडकीत आपल्या नंबराचा पितळी बिल्ला ठेवल्याशिवाय कुणालाही हत्यार मिळत नसे, साहेबालासुद्धा. "रोज वापरणाऱ्याच्या हाती स्टोअरची किल्ली नको," म्हणायचे. कॉम्प्युटर रोज वापरणारे हेच. म्हणून किल्ली माझ्याकडे!

"आणि पासवर्ड?" मिनलने काहीतरी चुकीचं टाकून पाहिलं. खाली पासवर्ड आठवायची खूण उमटली: बिल्ला.

"बिल्ला तर आजोबांनी रिटायर होताना जमा केला असेल ना गं?"

"केला. पण त्याचा नंबर ह्यांच्या जेवणाच्या डब्यावर कोरलेला होता. तीस वर्षं घासलाय मी. तेवीस सतरा."

खातं उघडलं. मिनलने परवानगी दिली, कॉम्प्युटर बंद झाला. काळ्या पडद्यात आम्हा दोघींचे चेहरे दिसत होते. तो पुन्हा उजळला, अँटिव्हायरसने हिरवी खूण दाखवली आणि माझं पहिलं पान उघडलं. नळावरच्या भांडणाचं. एक अक्षर हललेलं नव्हतं.

"आता ऐटीत स्वतःच्या खात्यात लिही, मालकीणबाई."

"छे! रोजचं लिखाण ह्यांच्याच खात्यात. नियम मोडला तर ओरडतील."

मिनल कॉपी काढायला बसली. मला मात्र एक सुचलंच.

"ती कोंडलेली फाइल आत काय करत असेल गं?"