वेग कमी करा, वहिनी

अवकाश स्थानकातलं हवा शुद्ध करणारं यंत्र बिघडलं होतं. आतल्या तिघांची डोकी ठणकायला लागली होती, बोलताना धाप लागत होती. नव्या गाळण्या घेऊन निघालेलं छोटं यान वहिनी एकटीच चालवत होती आणि जमिनीवर, कंट्रोल रूममध्ये तिच्या कक्षेचं गणित सांभाळत होता तिचा धाकटा दीर. "आता घरची भांडणं थेट अंतराळात," अशी थट्टा ऑफिसात महिनाभर चालली होती. त्या दुपारी मात्र कुणी हसत नव्हतं.

स्थानक जेमतेम काही किलोमीटरवर असताना यानाचा संगणक बंद पडला. वहिनीने यान हाती घेतलं आणि पुढे रेटा दिला. स्थानक क्षणभर जवळ आलं, मग खिडकीत खाली सरकलं आणि दूर जाऊ लागलं. तिने पुन्हा रेटलं. ते आणखी लांब गेलं.

"भावजी, ते पळतंय!" ड्यूटीवर नात्याने हाक मारायची नाही, हा नियम ती साफ विसरली.

"रेटू नका, वहिनी. जोर लावला की यान वर चढतं. वरचा फेरा मोठा आणि चाल संथ. म्हणून तुम्ही मागे पडताय."

"मलाही पाठ आहे ते. पण डोळ्यांदेखत निसटताना दिसलं की हात ऐकत नाहीत."

"वेग कमी करा. खाली उतराल, फेरा लहान होईल, चाल वाढेल. पृथ्वीभोवती एक चक्कर झाली की गाठाल."

एवढ्यात प्रमुखांनी त्याच्या माइकवर हात ठेवला. "इंधन बघितलंस? एवढं खर्चलं तर परत उतरायला काही उरत नाही. आत्ता सांगू नकोस. तिचा हात थरथरला तर सगळंच हातचं जाईल."

त्याने मान वर केली. समोरच्या काचेपलीकडे, नातेवाइकांच्या खोलीत दादा उभा होता. इथलं सगळं बोलणं तिथे ऐकू जायचं. माइक झाकला होता तरी प्रमुखांचा चेहरा आणि पडद्यावरचा इंधनाचा आकडा बघून दादाला कळलं होतं, पुढे गेली तर ती परत येऊ शकणार नाही. त्याने मान हलवली. तिला पुढे पाठवू नको.

दिराने प्रमुखांचा हात बाजूला केला.

"वहिनी, हे केलंत तर परतीचं इंधन राहणार नाही. आत्ता मागे फिरलात तर घरी येऊ शकाल."

खरखरीतून तिचा आवाज आला.

"तुमचे दादा ऐकताहेत का?"

"समोरच आहेत."

"मग त्यांच्यासमोरच सांगते. त्या तिघांना गुदमरत ठेवून घरी आले, तर मी कुणाच्याच कामाची राहणार नाही. सांगा, इंजिन किती वेळ उलटं चालवू?"

त्याने आकडा सांगितला. तिने तसंच केलं.

"अहो, हे तर आणखीच लांब गेलं!"

"जाणारच. आधी मागे पडाल, मग खालून पुढे याल. हात बाजूला ठेवा." गणित त्याने तीनदा तपासलं होतं, आता चौथ्यांदा तपासत होता.

मग यान पृथ्वीआड गेलं आणि आवाज तुटला. प्रमुख पेनाचं टोपण चावत उभे राहिले. दादाने काचेला कपाळ टेकवलं होतं. श्वासाने तिथे वाफ धरत होती, विरत होती.

"...दिसतंय! भावजी, वरती आहे, अगदी डोक्यावर. दारावरचे आकडे वाचता येतायत!"

"आता पुढे रेटा. मी सांगतो तेवढंच, जास्त नाही."

तिने रेटलं. टाकीतल्या शेवटच्या इंधनावर यान हळूहळू सरकत गेलं आणि स्थानकाला चिकटलं. बऱ्याच वेळाने स्थानकातून एक थकलेला आवाज आला, "बाई आत आल्या. आल्या आल्या म्हणाल्या, आधी गाळण्या, मग गप्पा."

खोलीत टाळ्या वाजल्या. दीर तेवढ्यात बाहेर पडला. जिन्यात दादा भेटला.

"तिला आणायला यान कधी जाणार?"

"लवकरात लवकर हिवाळ्यात. तेही सगळं नीट जमलं तर."

दादाने त्याच्या शर्टाची कॉलर घट्ट पकडली. "मी नको म्हणालो होतो. दिसलं होतं ना तुला?"

"दिसलं होतं."

दादाची बोटं सैल झाली. त्याने कॉलर सरळ केली आणि म्हणाला, "पोरीची शाळा सुटायची वेळ झाली. तू चल बरोबर. मला एकट्याला नाही सांगता येणार."