प्रेमिलाची रजा आणि मी, तिचा हेडसेट

तुम्ही तिला विचारलंच नाही. बाळाचं नाव काय ठेवायचं यावर आठवडाभर भांडलात, डिंकाचे लाडू कोण वळणार ते ठरवलंत, पाळणा कुणाकडून मागून आणायचा तेही ठरवलंत. आणि ती नोकरीवर परत जाणार की नाही, हे तिच्या माघारी, चहा पिता पिता, ठरवून मोकळे झालात. विचारायला किती वेळ लागला असता? ट्रंक कॉल लागण्यापेक्षा नक्कीच कमी.

ट्रंक कॉलचं मला कळतं. मी हेडसेट बोलतोय, नागपूरच्या ट्रंक एक्स्चेंजमधला. परगावी फोन करायचा तर आधी नंबर नोंदवा, मग वाट बघत बसा. तुमची पाळी आली की बोर्डासमोरची मुलगी कॉर्ड खोचते आणि दोन गावं जोडली जातात. त्या मुलीच्या कानावर मी असतो. जुन्या बनावटीचा आहे मी. बोलायचा भाग शिंगासारखा, गळ्यात पट्टा अडकवून छातीवर टेकवायचा. त्यामुळे ती काय बोलते ते साऱ्या हिंदुस्थानाला ऐकू येतं, आणि बोलताना तिची छाती किती धडधडते ते फक्त मला.

माझा जन्म बंगलोरच्या कारखान्यातला. नागपूरला आलो तेव्हा इथल्या उन्हानं माझं काळं अंग पहिल्याच मे महिन्यात चिकट झालं. इथे ज्याचा हेडसेट त्यालाच मिळतो. माझ्यावर कापडी पट्टी चिकटवून मालकिणीचं नाव लिहितात. पहिली मालकीण फार गोड बोलायची. तिचं लग्न ठरलं, पेढे वाटले आणि पट्टी निघाली. दुसरी लग्नानंतरही टिकली, पण बाळंतपणाला गेली ती आलीच नाही. पुन्हा पट्टी निघाली, पुन्हा कपाट, पुन्हा डांबरगोळ्यांचा वास. दोघींनाही काम उत्तम येत होतं. त्यांच्या जाण्याचं कुणाला नवलही वाटलं नाही, याचा मला राग आहे. अजून आहे.

मग प्रेमिला आली. नरखेडकडच्या एका खेड्यातली. तिचे वडील देवाजी दुसऱ्यांच्या संत्र्याच्या बागेत राबायचे. छप्पनच्या दसऱ्याला त्यांचं बोट धरून, पांढरा फ्रॉक घालून ती धम्मदीक्षेला नागपूरला आली होती. त्या दिवशी देवाजींनी तिला शिकवायचं ठरवलं आणि शिकवलं. ती पहिल्यांदा बोर्डावर बसली तेव्हा तिची छाती भीतीनं धडधडत होती. वर्षभरात तीच छाती शांत झाली. दिल्लीची ऑपरेटर हिंदीत खेकसली तर ही तिच्याहून चढ्या हिंदीत उत्तर द्यायची. मला वाटायचं, ही टिकणार.

आणि मग एक दिवस तिच्या पोटावरून जाणाऱ्या माझ्या वायरीला आतून धक्का बसला.

रजा मिळायची तीन महिन्यांची. घरच्यांचं म्हणणं, पहिलं बाळंतपण माहेरी, तर सातव्यातच जा. प्रेमिलाचं म्हणणं वेगळं. "आताच रजा खाल्ली तर पोरगं मांडीवर आलं की मी परत बोर्डावर! मी शेवटपर्यंत येईन आणि सगळी रजा बाळंतपणानंतर घेईन." शेजारच्या बोर्डावर कौसल्या बसायची, तिला ती हे सांगायची. कौसल्या म्हणायची, "ये बाबा. पण वरच्या ओळीपर्यंत तुझा हात पुरून राहिला का?"

नव्हता पुरत. पोट बोर्डाला टेकायचं आणि मुंबईच्या लाइनी सगळ्यात वर. मग कौसल्या एक हात स्वतःच्या बोर्डावर आणि एक हिच्यासाठी वर, अशी काम करायची. मी अस्वस्थ होतो. तिच्या छातीचे ठोके पुन्हा पहिल्या दिवसासारखे झाले होते.

ती बाळंतपणाला माहेरी गेली. मला कपाटात ठेवलं. पट्टी मात्र काढली नव्हती, तेवढाच धीर.

पण अंधारात पडून राहणं माझ्या स्वभावात नाही. रोज वाटायचं, आता कपाट उघडेल आणि कुणीतरी नखानं पट्टी खरवडायला लागेल. उघडलं एकदा. नवी ऑपरेटर अरुंधती होती. तिच्या हेडसेटचा कानावरचा भाग फुटला होता म्हणून तिनं मला उचललं. खारे दाणे खात खात काम करणारी मुलगी, माझ्यात मीठ गेलं. तरी उजेड मिळाला.

एका सकाळी नागपूरहूनच कॉल नोंदवला गेला. नरखेडकडच्या वामनरावांच्या संत्र्याच्या गोदामात, प्रेमिलाबाईंना बोलवा. नोंदवणारा तिचा नवरा रविंद्र. रविंद्र शाळेत मास्तर आहे. वस्तीतल्या सभेत स्त्रीशिक्षणावर बोलला की टाळ्या पडतात, असं प्रेमिलाच कौतुकानं सांगायची.

तिकडून वामनराव ओरडले, "थांबा गा जराशे! देवाजीच्या पोरीले निरोप धाडला. लहान लेकराची माय आहे, धावत थोडीच येईन?"

ऑपरेटरनं कॉल जोडला की ऐकू नये, असा नियम आहे. अरुंधतीनं कळ बंद करायला हवी होती. तिनं नाव ऐकलं आणि बोट तसंच राहिलं.

आणि तिचा आवाज आला. इतकी वर्षं तो माझ्यातून बाहेर जायचा. त्या दिवशी तो तारेवरून माझ्याकडे आला, बारीक, खरखरत, पण तिचाच.

"हॅलो, कसे आहात? पोरगी झोपून राहिली आता."

"बरं आहे. ऐक, रजा संपत आली तुझी. आईचं म्हणणं आहे, पोरीले पाहाले घरी कोणी नाही. राजीनामा पाठवून दे."

तिनं विचारलं, "आई म्हणते का तुम्ही म्हणता?"

"दोघंही."

"मंग आईले फोनवर आणा. त्या मले सांगतील तं मी राजीनामा लिहितो. तवर नाही."

"आई अन् फोनवर? अवं, तिनं फोन कधी पाह्यला तरी काय?"

"मीही नव्हता पाह्यला," प्रेमिला म्हणाली आणि तिनंच फोन ठेवला.

त्या दिवशी अरुंधतीनं दाणे खाल्ले नाहीत. मी तिच्या छातीवर होतो, पण मन सगळं त्या खरखरीत अडकलेलं. सासूबाई हो म्हणाल्या तर? शब्दाची पक्की आहे प्रेमिला, लिहून देईल. माझी तिसरी पट्टी.

दुसऱ्या दिवशी कॉल आला. इकडे रविंद्रची आई, भीमाबाई. रविंद्र शेजारून सांगत होता, हॅलो म्हण, हॅलो म्हण.

"हॅलो नाही म्हणत मी. प्रेमिला, तू हायस का वं आतमंदी?"

"हो आई, मीच. तुम्ही मले नोकरी सोडाले सांगितलं?"

"कोणं सांगितलं?" भीमाबाई एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की अरुंधतीनं मला कानापासून लांब धरलं. "मले कोणी विचारलं तरी काय? मी इतकंच म्हणलं का दिवसभर पोरगी सांभाळणं माह्याच्यानं होत नाही. दुपारून माही कंबर धरते. त्याचा यानं राजीनामा करून टाकला!"

मागून रविंद्र काहीतरी पुटपुटला.

"सकाळून जमन का आई?"

"सकाळून जमते."

"अन् सांजेले?"

"सांजेले तं हा घरीच राहते. याले हात नाहीत का?"

कॉलची तीन मिनिटं भरली होती. अरुंधतीनं नियमानं मध्ये बोलून सांगायला हवं होतं. ती ओठ मिटून बसली. मग प्रेमिला म्हणाली, "बोर्डावर कोण आहे? अरुंधती ना? तू ऐकून राहिली, मले माहीत आहे. स्प्लिट ड्यूटी सध्या कोणाकडं आहे?"

अरुंधती दचकली. मग हसलीच. "सगळ्या रडून राहिल्या ताई. घ्या, पाहिजे तेवढी घ्या."

स्प्लिट ड्यूटी म्हणजे सकाळी चार तास, मग घरी जायचं आणि संध्याकाळी पुन्हा येऊन चार तास. एका दिवसात दोनदा नीटनेटकं होऊन, दोनदा बसला लोंबकळत यायचं. ती टाळायला मुली एकमेकींना सिनेमाची तिकिटं देतात. सुपरवायझरबाई कुणावर चिडल्या की तीच लावतात. प्रेमिलानं ती मागून घेतली. इंदोऱ्यातलं तिचं घर बसनं फार लांब नाही. मधले तास पोरीचे, आणि सासूबाईंच्या कमरेचे.

सुपरवायझरबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "आज मागता, महिन्यानं रडत याल."

"आली तर रुमाल घेऊन येईन," प्रेमिला म्हणाली.

तर आता मी पुन्हा तिच्या छातीवर आहे. सुखात आहे, असं समजू नका. सकाळची पाळी संपते, ती मला खुंटीला अडकवते आणि निघते. संध्याकाळपर्यंत मी लटकतो आणि दाराकडे कान लावून असतो. आज पोरीला ताप आला तर? संध्याकाळी रविंद्र घरी असतो, पण बाटलीतलं दूध पोरगी थुंकते म्हणे. तो शिकतोय. फार सावकाश शिकतोय.

आणि एक्स्चेंजच्या साहेबांनो, तुम्हालाही एक विचारतो. या इमारतीत सायकलींना छप्पर आहे. बॅटऱ्यांना स्वतंत्र खोली आहे, त्यांना ऊन लागू नये म्हणून पडदे आहेत. इथे इतक्या बायका काम करतात आणि एका पाळण्यापुरती जागा नाही? एक खोली द्या. फार नाही, बॅटऱ्यांच्या खोलीच्या निम्मी. मी मागतो आहे, कारण ती मागणार नाही. तिला वाटतं, मागितलं की कुणीतरी म्हणेल, मग घरी बसा.

काल काय झालं ते सांगतो. सकाळची पाळी संपायला थोडा वेळ होता. कापसाच्या एका व्यापाऱ्याचा मुंबईचा कॉल नेमका तेव्हाच लागत होता आणि तो "जल्दी करा ना बाई" म्हणून कानात ओरडत होता. एवढ्यात माझ्या शिंगाखाली काहीतरी ऊबदार ओलं लागलं. प्रेमिलाच्या ब्लाउजवर दुधाचा डाग पसरत होता. इंदोऱ्यात पोरगी नक्की उठली असणार. एक हात वरच्या ओळीकडे, दुसऱ्या हातानं पदर ओढलेला, अशी ती मध्येच थांबली. ठोके असे की मला शब्दच ऐकू येईनात. कॉल टाकून जाता येत नाही, बसवतही नाही.

कौसल्यानं शेजारून हात लांब करून तिच्या बोटांतली कॉर्ड काढून घेतली.

"जाय वं बाई, पळ पोरीकडं," ती म्हणाली. "मुंबईले आम्ही थांबवून ठेवतो."