नागलीची बाजू

गोकुळरावांना जगात दोन गोष्टी मुळीच मान्य नव्हत्या. एक, जेवताना कुणी बोललेलं. आणि दुसरी, पालेभाजीत ताकद असते हे. पहिला नियम त्यांची बायको जयवंती रोज मोडायची, आणि मोडायची ती दुसऱ्यावर बोलूनच.

भांडण लग्नाइतकंच जुनं. गोकुळराव मोखाड्याकडच्या डोंगरातले. त्यांच्या गावाला उतारावर नागली पिकायची, म्हणजे शहरातली माणसं जिला नाचणी म्हणतात ती. जयवंती जामसरची. तिच्या माहेरी अंगणात शेवगा आणि ताटात बाराही महिने कुठला ना कुठला पाला. नवी नवरी म्हणून आली त्याच आठवड्यात तिने शेवग्याच्या पाल्याची भाजी केली आणि गोकुळरावांनी ताट सरकवलं.

"पाला शेळी खाते," ते म्हणाले. "माणूस नागली खातो, म्हणून डोंगर चढतो."

"शेळी तुमच्या आधी चढते," जयवंती म्हणाली.

तिथून जे सुरू झालं ते पंचायत समितीतली त्यांची सगळी नोकरी, जव्हारला बांधलेलं घर, मुलाचं लग्न, सगळ्याला पुरून उरलं. घरात कुणाचा ताप उतरला की तो कशाने उतरला यावर वाद. मुलगा हेमंत शाळेत धावण्यात पहिला आला, तर त्याची पाठ थोपटायची राहिली बाजूलाच, आधी तो आदल्या रात्री काय जेवला होता याची चौकशी झाली. गोकुळराव हटले नाहीत. या माणसाने जन्मात पाल्याचा घास घेतला नाही, असं अख्खं जामसर मानत होतं.

खरं वेगळंच होतं, आणि ते गोकुळरावांना पक्कं ठाऊक होतं.

जयवंती नागली दळायला स्वतः गिरणीत जायची. "दे, मी नेतो," म्हटलं की "राहू द्या, तुम्ही जाडंभरडं आणाल," म्हणायची. त्या पिशवीत नागलीबरोबर माहेरून आलेला शेवग्याचा वाळलेला पाला असायचा. नागलीची भाकर मुळातच काळपट, तिच्यात हिरवं काय दिसणार? डोळ्यांपासून लपलं, जिभेपासून लपलं नाही. हेमंतच्या वेळी जयवंती बाळंतपणाला माहेरी गेली होती, तेव्हा शेजारणीने करून दिलेली भाकर गोकुळरावांना अगदी मुकी लागली. त्यांनी दोष शेजारणीच्या हाताला दिला. जयवंती परतली, तिने पहिली भाकर वाढली, आणि पहिल्याच घासाला कोडं सुटलं. आता बोलावं तर हार, गप्प बसावं तर भाकर. त्यांनी भाकर घेतली. त्या दिवसापासून ती दळणाची पिशवी भरायला बसली की गोकुळराव काहीतरी निमित्त काढून अंगणात जाऊन उभे राहायचे. जेवायला बसले की मात्र नागलीचा जयजयकार चालूच.

सुखाचे दिवस होते ते. पण सुख चालू असताना ते सुख आहे असं कुठे कळतं?

मागच्या हिवाळ्यात जयवंती आजारी पडली आणि गेली. तिच्याबरोबर भाकरही गेली.

हेमंत नोकरीला पालघरला, शनिवार-रविवारी घरी. एरवी घरात गोकुळराव आणि सून हर्षाली, दोघंच. हर्षाली हायस्कूलात विज्ञान शिकवते. बाबांना नागली लागते आणि पाला चालत नाही, हे तिला सासरी आल्यापासून पाठ. त्यामुळे ती निवडून, पाखडून, निव्वळ नागली दळून आणायची. गोकुळराव अर्धी भाकर टाकून उठायचे. नागली जुनी असेल, म्हणाले. तिने नवी आणली. गिरणीवाल्याने आधी दुसरं काही दळलं असेल, म्हणाले. तिने गिरणी बदलली. मग पाण्यालाच चव नाही, म्हणाले. पाण्याला ती बिचारी काय करणार? एकदा त्यांनी तिला ओट्याशी पाठमोरी उभी राहून डोळे पुसताना पाहिलं. स्वतःची लाज वाटली. तरी तोंड उघडेना. हिला सांगितलं की हेमंतला कळणार, हेमंतला कळलं की जामसरला त्याच्या मामाकडे कळणार, आणि मग जयवंतीच्या माहेरी ढोल वाजायचे तेवढे बाकी. माणूस म्हातारा झाला तरी खोड काही जात नाही.

शेवटी अंगातलं रक्त कमी झालं. डॉक्टरांनी नीट जेवायला सांगितलं. त्या संध्याकाळी हर्षाली शाळेतलं आहाराचं पुस्तक घेऊन त्यांच्यासमोर बसली.

"बाबा, आज तुमचा आणि आईंचा खटला निकालात काढते. एका बाजूला नागलीचं पीठ, दुसऱ्या बाजूला शेवग्याचा पाला. वजन दोन्हीचं सारखं."

गोकुळराव सावरून बसले.

"लोह, जवळपास बरोबरी. अ आणि क जीवनसत्त्व, त्यात पाला कितीतरी पुढे. अंगात काम करायची ताकद हवी तर नागली. आणि हाडांसाठी कॅल्शियम..." ती हसली. "नागली थोडी वरचढ. कॅल्शियमात तुम्ही जिंकलात, बाबा! आई असत्या तर..."

उभ्या आयुष्यात ज्या निकालाची वाट पाहिली तो असा हातात आला, आणि तो मिरवायचा कुणापुढे? गोकुळरावांना इतकं एकटं जयवंती गेली त्या दिवशीही वाटलं नव्हतं. त्या दिवशी घर माणसांनी भरलेलं होतं.

"एक आहे मात्र," हर्षाली शिकवायच्या सवयीने म्हणाली. "हा ओल्या पाल्याचा हिशेब. त्यात पाणीच जास्त. तोच पाला वाळवून पूड केली, तर तेवढ्याच वजनात तो नागलीला कुठल्या कुठे मागे टाकेल. पण वाळवून कोण खातंय?"

गोकुळरावांना जोराचा ठसका लागला. ती पाणी आणायला धावली.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेल्यावर त्यांनी बाजारातून शेवग्याचा पाला आणला आणि गच्चीवर कडक उन्हात पसरला. कडकडीत वाळला तसा, गिरणीत नेला तर बोभाटा होईल म्हणून, हातानेच चुरून पिठात कालवला आणि स्वतः भाकर थापली. भाकर तव्यावर जाण्याआधीच तुटली. जे तुकडे भाजले गेले त्यांना जुन्या गवताचा वास येत होता. ते त्यांनी गुपचूप दारात आलेल्या गाईला घातले, आणि गाईनेही आधी त्यांच्याकडे एकदा बघून घेतलं. इतकी वर्षं अंगणाकडे तोंड करून उभे राहिले, ते जरा वळून बघितलं असतं तर काय बिघडलं असतं!

आता ती कृती सांगू शकेल असं एकच माणूस उरलं होतं, जामसरची मंगळीवहिनी. जयवंतीचा भाऊ देवराम, त्याची बायको. म्हणजे जिथे तोंड दाखवायचं नाही नेमकं तिथेच जायचं होतं.

जीपमधून उतरले तेव्हा देवराम रानात गेला होता. मंगळीवहिनी अंगणात शेवग्याखाली भांडी घासत होती.

"या भावजी. एकलेच?"

गोकुळरावांनी देवरामच्या गुडघ्यांची चौकशी केली. भात किती झालं ते विचारलं. रस्ता खराब आहे, म्हणाले. चहा पिऊन झाला, तरी विषयाचा पत्ता नाही. शेवटी जमिनीकडे बघत म्हणाले, "वहिनी, तो पाला. ती कसा करायची?"

"कंचा पाला? तुमी तर पाला खात नाय."

"वहिनी."

मंगळीने हात पदराला पुसले आणि ती समोर बसली. "ती मला बोलली व्हती, दवाखान्यात. ते ईचारायला येतील, बोलली. फुकट सांगू नको. आदी त्यांना हरलो बोलायला लाव."

"म्हणजे? मला माहीत होतं, हे तिला..."

"तर वो! पिशवी भरायला बसली का तुमी अंगणात जाऊन उभं. काय व्हतं त्या अंगणात बघायला? ती हसायची. बोलायची, माजा नवरा लय गुणाचा, खातो पण सांगत नाय."

म्हणजे एवढ्या वर्षांत फसलं कुणीच नव्हतं. ती दळत होती त्यांच्यासाठी, ते तोंड फिरवत होते तिच्यासाठी, आणि भांडण दोघांनी मिळून जपलं होतं. गोकुळराव उठले.

"हरलो," ते म्हणाले.

"कोन हरला? मला आयकू नाय आला."

"जयवंती, मी हरलो!" गोकुळराव इतक्या मोठ्याने म्हणाले की पलीकडच्या घरातली बाई दारात आली.

मंगळी हसेल असं त्यांना वाटलं होतं. ती हसली नाही. एकेक करत तिने सगळं सांगितलं. पाला उन्हात नाही, घरात सावलीला वाळवायचा. देठ काढून टाकायचे. पिठात मागाहून घालायचा नाही, दाण्याबरोबरच दळायचा. पीठ कढत पाण्यात मळायचं. "आन सुनेला खरं सांगा. फोन करून रडते पोर, बोलते माजीच भाकर वाईट. मला बोलायची बंदी व्हती, मी काय सांगनार?"

"आजच सांगतो."

"वरीस लावलंत, भावजी," मंगळी म्हणाली. तिचा आवाज एकदम उतरला होता. "ती बोलली व्हती, दिवस घालायच्या आत येतील. त्यांना नाय राहवायचं, बोलली. मी तवाच पाला वाळवून ठेवला व्हता. वाट बघून बघून मंग आमीच खाल्ला."

गोकुळराव पायरीवर बसले. तिने त्यांना जेमतेम दिवसकार्यापर्यंतचीच मुदत दिली होती. इतका भरवसा होता तिला. आणि आपण वर्षभर पाण्याला नावं ठेवत बसलो. त्यांना रडू फुटलं, आणि ते त्यांनी आवरलंही नाही.

"घरात आहे का पाला घातलेलं पीठ?" त्यांनी शेवटी विचारलं.

"हाय की."

"मग तवा ठेवा, वहिनी. आणखी उशीर केला तर ती मला नवरा म्हणायची नाही."