प्रयागबाईचा खांदा

मी एक जुना फर्मा आहे, मित्रांनो. कापडावर मले ठेवतात, कडेकडेनं खडू फिरवतात, अन् त्या रेघेवर कापतात. जरीपटका वस्तीतल्या सरितामावशीनं मले साडीच्या डब्याच्या पुठ्ठ्यातून बनवलं. तिच्या शिलाईच्या दुकानात खिळ्याले लटकून राहतो मी.

बाकीचे पाठीचे फर्मे अर्धेच. कापड दुमडायचं, घडीवर फर्मा ठेवायचा, एकदा कैची चालवली की दोन्ही बाजू सारख्या. मी मात्र पुऱ्या पाठीचा. काहून? प्रयागबाईनं आयुष्यभर चादरींचं गाठोडं उजव्या खांद्यावर घेऊन गल्लीगल्लीत धंदा केला. तो खांदा खाली बसला. कोणतंही ब्लाऊज घाला, तिकडून घसरे. सरितामावशीनं तिची पाठ हातानं चाचपून चाचपून मले कापलं, एक खांदा वर, एक खाली. असा हात मी दुसरा नाही पाह्यला!

औंदा मावशीच्या डोळ्याचं आपरेशन झालं. कैची सुनेकडे, हिमानीकडे आली. अन् प्रयागबाई पांढरं कापड घेऊन आली. उद्या दीक्षाभूमीवर नवं ब्लाऊज घालून जायचं होतं. कापड एका ब्लाऊजपुरतंच.

हिमानीनं सवयीनं कापड दुमडलं. मी मावलो नाही, तर मलेच मधून दुमडलं! खांदे जुळेनात.

"आईनं वाकडाच कापला," म्हणत तिनं माह्या वरच्या खांद्याले कैची लावली. असा राग आला मले! पण पुठ्ठ्याले तोंड कुठं असते?

प्रयागबाईले होतं. "ए पोरी! माह्या खांद्याले कापून राहिली का वं?"

"फर्मा सरळ करून राहिली, मावशी."

"मग पहिले मले सरळ कर!" पदर सारून ती पाठ करून उभी राहिली. "कर न. फिरव इस्त्री."

हिमानीनं मले त्या पाठीवर धरलं. बरोब्बर बसलो.

"अवं माय," ती हळूच म्हणाली.

मग तिनं कापड पुरं उघडलं, सुलटी बाजू वर. खालचा खांदा उजवीकडे ठेवून मले मांडलं, मी हलू नये म्हणून वर थंडी इस्त्री ठेवली. अन् कैची अशी चालली का, रेघ कुठंच सुटली नाही. सासूच्या तोडीची पोरगी!

संध्याकाळी प्रयागबाईनं ब्लाऊज घालून दोन्ही हात वर केले, गदागदा हलवले.

"घसरत नाही वं!"

मित्रांनो, आम्हाले ओलीत ठेवू नका, दुमडू नका. अन् एखादा वाकडा दिसला, तर कैची उचलायच्या आधी इचारा, हा कोणाच्या मापाचा आहे?