निळा धागा

मुजफ्फर सायकलवाल्यांची एक रीत होती. चाकाची आऊट, म्हणजे त्याचं डुलणं, काढायला बसले, की पहिल्या स्पोकला निळा धागा बांधायचे. एकेक स्पोक कसत, सैल करत, चाकाला पूर्ण फेरा घालून पुन्हा धाग्याशी पोचले, की तो सोडायचे. धागा आहे तोवर सायकल दुकानाबाहेर जात नसे. दिग्रसमध्ये त्यांना कुणी घाईही करत नसे.

त्या शनिवारी चाक त्यांच्या लेकीचं होतं. पहाटे दोघं पुसदवरून, घाट उतरून, उमरखेडला निघणार होते.

"घाटात भेली तर माह्यं नाव नको सांगू कोणाले."

"तुमची ढेरी पाहूनच ओळखतीन लोक, अब्बा," अलफिया म्हणाली.

ते हसले. मग उजव्या हातातली स्पोक कसायची चावी खाली ठेवून डावा हात दाबत बसले. "हात भरून आला. बाकीचे स्पोक पहाटे कसतो. अम्मीले सांगू नको, नाहीतर जाऊ नाही देणार."

सायकलवाल्याचा हात, दुखणारच. अलफियाने बाम चोळून दिला. सकाळी अब्बा उठले नाहीत.

मयतीला आलेल्या प्रत्येकाने विचारलं, काही बोलले होते का? अम्मीनेही विचारलं. अलफिया 'नाही' म्हणाली. एकदा म्हटलं, म्हणून मग दरवेळी म्हणावं लागलं. "बोलले असते तर नेलं असतं न मी दवाखान्यात," अम्मी तांदूळ निवडता निवडता म्हणायची, आणि अलफिया उठून मोरीत जायची.

चाळिसावा झाल्यावर ती त्याच सायकलवर उमरखेडला निघाली. त्या चाकाला दुसऱ्या कारागिराचा हात लागू द्यायचा नव्हता, आणि धागा सोडायची तिची स्वतःची छाती नव्हती. अम्मीने एवढंच सांगितलं, "घाट उतरली की फोन कर. तोवर मी जेवत नाही."

घाटमाथ्यावर बिजलीबाईची चहाची टपरी होती.

"एकटीच काय वो? संगं कोणी नाही?"

"अब्बा येणार होते."

"मंग? मागं राह्यले काय?"

अलफियाने कप खाली ठेवला.

दुसऱ्याच वळणावर पुढचं चाक डुलायला लागलं. खर्र, खर्र. ब्रेकच्या रबराला घासत होतं. हँडल हातात थरथरू लागलं. मागून ट्रकचा हॉर्न आला, लांबलचक. डावीकडे दरी. ब्रेक दाबला की चाक अडकायचं, सोडला की सायकल सुटायची. ट्रक अंगाला वारा घालून गेला तेव्हा ती कडेच्या खडीत घुसली आणि कठड्याला खांदा आपटून थांबली.

मग तिने सायकल उलटी केली, पिशवीतून अब्बांची छोटी चावी काढली. अकरा स्पोक उरले होते.

उजव्या हाताने चावी, डाव्याने नुसतं चाक फिरवायचं. सातव्या स्पोकला मनगट भरून आलं. उजवं.

ती थांबली. डावा हात समोर धरून पाहिला. त्याला काहीच झालं नव्हतं. चाक फिरवणाऱ्या हाताला काय होणार? दुकानातच वाढली होती ती, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. अब्बांचा डावा हात कामाने भरून आला नव्हता. तिने उरलेले चार स्पोक कसले. धागा सोडला. चाक फिरवून पाहिलं, सरळ फिरलं.

घाटाखालच्या पुलावर तिने फोन लावला.

"उतरली का?"

"उतरली."

"मंग घेऊ न ताट आता?"

"थांब, अम्मी." धागा तिने मुठीत घट्ट धरला होता. "त्या दिवशी अब्बांचा हात दुखत होता. डावा. मले सांगितलं होतं त्यायनं. मी बाम लावला."