भावोजींचा त्याग

आमच्या भावोजींनी तरुणपणी एका बँडमध्ये कीबोर्ड वाजवला आणि ताईशी लग्न करण्यासाठी तो बँड सोडला. निदान आम्हाला तरी तसंच सांगण्यात आलं होतं, आणि तेही उठता-बसता. बँड पुढे गाजला, भावोजी विम्याच्या कचेरीत चिकटले. भाजीत मीठ जरा जास्त पडलं तरी हे त्या त्यागाची आठवण काढून उसासा सोडायचे, आणि ताई बिचारी ओशाळून जायची.

आता ताईला दुसऱ्या शहरातल्या मोठ्या इस्पितळानं प्रयोगशाळेची प्रमुख म्हणून बोलावलं होतं. सोमवारपर्यंत उत्तर हवं होतं. भावोजी म्हणाले, एकदा तुझ्यासाठी सगळं सोडलं, आता या वयात घरही सोडू का? झालं, ताई नाही म्हणून कळवणार होती. माझा नुसता तिळपापड झाला, पण मला विचारतो कोण.

तेवढ्यात त्या बँडवरचा माहितीपट आमच्या कोपऱ्यावरच्या पबमध्ये लागला. पबच्या मागच्या खोलीत छोटंसं थिएटर आहे. बसून बसून खचलेले सोफे, मंद दिवे, हाताशी बिअर, आणि दर आठवड्याला कुठल्यातरी मैफिलीची फिल्म. प्रेक्षक म्हणजे जुने टी-शर्ट पोटावर ताणून बसलेले काका. पडद्यावरच्या गायकाला ऐकू जाणार असल्यासारख्या टाळ्या वाजवतात, आणि कुणी चिप्स खाल्ले तर असे डोळे वटारतात की चिप्स तोंडातच भिजवून गिळावे लागतात.

भावोजींनी पुढचा सोफा धरला. नवा शर्ट, केसांना ताजा कलप. पबवाल्याला त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे त्यानं सगळ्यांसमोर त्यांची ओळख करून दिली. काकांनी टाळ्या वाजवल्या, भावोजींनी हात हलवला, ताईनं मान खाली घातली.

अर्धी फिल्म झाली तरी भावोजींचा पत्ता नाही. मग एकदाचा एक जुना फोटो आला. कडेला कीबोर्डमागे भावोजी, केस खांद्यापर्यंत. त्यांनी ताईला कोपरानं ढोसलं. पडद्यावर बँडचा म्हातारा ड्रमर हसायला लागला.

"हा होय? माणूस चांगला, पण तालाशी त्याचं जन्माचं वैर. तोंडावर सांगायचा धीर कुणालाच होईना. शेवटी आम्ही सरावाची जागाच बदलली आणि त्याला कळू दिलं नाही. बिचारा कित्येक दिवस जुन्या हॉलवर जाऊन कुलूप बघून परत यायचा. मग म्हणे त्यानं लग्न केलं."

खोलीत हशा पिकला. मघाशी टाळ्या वाजवणारे काका सगळ्यात मोठ्यानं हसले. मीही हसले, खोटं कशाला बोलू. मग ताईकडे बघितलं आणि हसू आवरलं. इतकी वर्षं ती न केलेल्या गुन्ह्याची भरपाई करत होती, आणि हे गृहस्थ ती बिनदिक्कत वसूल करत होते. मला त्यांची चीड आली.

भावोजी कुजबुजले, हे असले लोक फिल्म चालावी म्हणून काहीही घालतात. मागच्या काकांनी त्यांना गप्प केलं.

ताईनं फिल्म शेवटपर्यंत बघितली, एका गाण्याला पायानं ठेकासुद्धा धरला. दिवे लागल्यावर तिनं फोन काढला आणि तिथेच सोफ्यावर बसून इस्पितळाला होकार पाठवला. मग भावोजींकडे वळली.

"मी जातेय," ती म्हणाली. "तुला यायचं असेल तर ये. पत्ता देऊन ठेवते."