बिबळ्याचं पाणी

बाजारात त्याला सगळे 'नाकवाले मिस्त्री' म्हणत. जुन्या टेबल-खुर्च्या दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. जुन्याला जोडायचं लाकूड त्याच जातीचं लागतं, नाहीतर ठिगळ चारचौघांत ओरडून सांगतं की मी ठिगळ आहे. पण पॉलिश आणि धूळ खाऊन काळं पडलेलं लाकूड मूळचं कुठलं, हे सांगणार कोण? मिस्त्री रंधा फिरवायचा, ताजी ढलपी नाकाशी धरायचा, डोळे मिटायचा आणि नाव सांगायचा. ते कधी चुकलं नव्हतं. निदान तो स्वतः तरी तसं सगळ्यांना सांगायचा.

मग एका लांबलेल्या तापातून तो उठला, तेव्हा नाक जागच्या जागी होतं, वास मात्र गेला होता. साग हुंगा की साबण, सगळं सारखंच. त्याने कुणाला पत्ता लागू दिला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मुलगा बोटीवर नोकरीला, त्यामुळे दुकानात सासरा आणि सून, दोघंच. सून आधी पॉलिश शिकली, मग जोडकाम. त्याच्या तापानंतर तिला कामात मोठ्याने बोलायची खोड लागली होती. "अय्या बाबा, याचा वास कसा गोडसर येतोय, गुलाबपाण्यासारखा!"

"शिसव," मिस्त्री गंभीरपणे म्हणायचा. पोरीच्या बडबडीवर आपलं निभतंय आणि तिला कळतही नाही, म्हणून मनातल्या मनात खूश व्हायचा.

एकदा ती पॉलिशचं सामान आणायला गेली असताना वाचनालयाच्या ग्रंथपाल बाई आल्या. पिशवीतून त्यांनी हातभर लांबीचा तुकडा काढला. "आमचं मोठं गोल टेबल तडकलंय, त्याचा हा तुकडा. दोन दुकानांत विचारलं, दोघांनी दोन नावं सांगितली. तुमचं नाक म्हणे चुकत नाही."

'संध्याकाळी या' म्हणाला असता तर भागलं असतं. पण तेवढं म्हणणंही जिवावर आलं. त्याने रंधा मारला, ढलपी हुंगली, डोळे मिटले. काहीच नाही. डोळे उघडून रंग पाहिला: सोनेरी, तपकिरी.

"साग," तो म्हणाला. बाई खूश होऊन गेल्या.

सून आली, पिशवी ठेवली, तुकडा उचलला आणि तिच्या कपाळाला आठी पडली. "साग कोण म्हणालं याला?"

"मी म्हणालो."

"बाबा, सागाची ढलपी बोटांना तेलकट लागते. ही कोरडी आहे. आणि साग असता तर चामड्यासारखा वास आला असता. याला वासच नाही."

"मला आला ना!"

सुनेने तुकडा खाली ठेवला. मग हळूच म्हणाली, "दूध करपून अख्खं घर धुरकटलं होतं, तेव्हा तुम्ही शेजारच्या खोलीत निवांत पेपर वाचत होता. तेव्हापासून ठाऊक आहे मला."

मिस्त्रीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "म्हणजे ती सगळी बडबड मुद्दाम होती? माझी कीव करत होतीस?"

"कीव कसली? वास मी सांगत होते, नाव तुम्ही. मला नावं कुठे येत होती? तुमच्याकडून चोरून शिकत होते मी."

सुनेने पटाशीला धार लावली, तुकड्याचं टोक आडवं कापलं, पाण्याचा हात फिरवला आणि भिंग डोळ्याशी धरलं. "छिद्रं विखुरलेली आहेत. सागाची ओळीने असतात, गोल कड्यांसारखी. बाबा, वास नाही, तेल नाही, ओला हात पिवळा झालाय. कोण असेल?"

"पिवळा?" मिस्त्री ताडकन उठला. त्याच्या आत्याने, जिच्या हाताखाली तो शिकला होता, लहानपणी एक गंमत दाखवली होती. नाक तेव्हापासून इतकं चाललं की त्या गमतीची कधी गरजच पडली नाही. "काचेचा पेला आण. आणि स्वच्छ पाणी."

ढलप्या पाण्यात पडल्या. पाणी हळूहळू चहासारखं झालं. त्याने पेला उन्हात नेला, मागे काळं फडकं धरलं, आणि त्या पिवळ्या पाण्याच्या कडेने निळी झाक उमटली, मोराच्या मानेसारखी.

"बिबळा!" तो ओरडला. "बिबळ्याचं लाकूड आहे हे, बिबळ्याचं!" आणि सुनेने चक्क टाळ्या वाजवल्या.

पण बाई एव्हाना बाजारभर 'साग' म्हणून सांगत गेल्या होत्या. मिस्त्री रात्रभर कूस बदलत राहिला आणि सकाळी पेला घेऊन, सुनेला बरोबर घेऊन वाचनालयात गेला.

"बाई, काल मी साग म्हणालो ते चुकलं. हा बिबळा आहे."

"पण तुम्ही तर वास घेऊन सांगितलंत!"

"हुंगायचं सोंग केलं होतं. मला आता वास येत नाही." वाचणाऱ्यांनी माना वर केल्या. मिस्त्रीची मान खाली गेली नाही. "ही माझी सून. साग नाही, हे हिने ओळखलं."

"पाण्याची युक्ती यांची," सून म्हणाली.

"पण हाताला पिवळं लागलं ते कुणी पाहिलं?"

"मी नुसतं पाहिलं. नाव कुणी सांगितलं?"

"हळू बोला," बाई म्हणाल्या, "हे वाचनालय आहे." पण खिडकीच्या उन्हात पेला धरताच त्याच सगळ्यात मोठ्याने म्हणाल्या, "अरे, या, बघा तरी!"

मोडलेल्या पलंगाच्या बिबळ्याच्या फळीतून सुनेनेच टेबलाला ठिगळ घातलं. बाईंनी त्यावरून तीनदा तळवा फिरवला, सांधा काही सापडला नाही.

पुढे बाजारातल्या लाकूड कातणाऱ्या खराद्याने एकदा दुकानात काळाकुट्ट ओंडका आणून आपटला. "नाकवाले, ओळखा बघू."

"मला काय विचारतोस?" मिस्त्री खुर्ची पॉलिश करता करता म्हणाला. "आमच्या मिस्त्रीणबाईंना विचार."

सुनेने पटाशी उचलली आणि बोलायला लागली: वजन कसं आहे, रेषा कशा आहेत, ओलं केल्यावर काय होतं. खरादी तोंड उघडं टाकून ऐकत होता. मिस्त्रीचा हात थांबला होता, फडकं गुडघ्यावर ठिबकत होतं, आणि ते पुसायचंही त्याला भान नव्हतं.